हायड्रेंजिया घरी लावताना: रंग मातीतून, फूल जुन्या काडीतून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गॅलरी आहे. मागच्या फेब्रुवारीत नर्सरीतून निळ्या गेंदांची दोन हायड्रेंजिया आणली आणि सिमेंटच्या कुंड्यांत लावली. दसऱ्यानंतर माळीकाकांनी गुलाबांची छाटणी केली, त्याच हाताने एका हायड्रेंजियाचीही केली. यंदा त्याला एकही फूल नाही. दुसऱ्याला फुले आली, पण फिकट गुलाबी. पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी सोसायटीच्या बोअरचे, खत बोनमील (हाडांचा चुरा) आणि 19:19:19 (नत्र, फॉस्फरस, पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत). न्यू जर्सीतल्या बहिणीचे झाड दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते, वसंतात पुन्हा फुटते, पण फुलत नाही. आता दोघींनी कोणती जात घ्यावी?

बहिणीला जात बदलावी लागेल. तुम्हाला नाही. तुम्हाला कुंडी, पाणी आणि छाटणीची तारीख बदलायची आहे, आणि तिन्ही गोष्टी नव्या झाडापेक्षा स्वस्त आहेत.

वाईला माझी लहानशी नर्सरी आहे. पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारातून मी हायड्रेंजियाच्या फांद्या आणतो आणि खाली वाईत कलमे करतो. मूळ झाड वर गर्द निळे फुलते. त्याच फांदीचे कलम वाईच्या काळ्या मातीत, विहिरीच्या पाण्यावर वाढवले की दुसऱ्या वर्षी गुलाबी. पसरणीचा घाट उतरला की रंग बदलतो. गिऱ्हाईक आधी म्हणते, तुम्ही वेगळेच झाड दिले. मग मी त्यांना मातीची गोष्ट सांगतो.

या फुलातले रंगद्रव्य निळ्या आणि गुलाबी झाडात एकच असते, डेल्फिनिडिन नावाचे. त्याला मातीतून ॲल्युमिनियम मिळाले तर पाकळ्या निळ्या दिसतात, न मिळाले तर गुलाबी. (पाकळ्या म्हणायचे एवढेच. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती खरे तर निदले आहेत. खरे फूल मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढे असते.) ॲल्युमिनियम बहुतेक सगळ्या मातीत भरपूर असते. प्रश्न ते मुळांना उचलता येते का, हा. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) 5.5 च्या खाली असला तर ते विरघळलेल्या रूपात मिळते. सामू 6.5 च्या वर गेला की ते मातीतच अडकून बसते. मधल्या पट्ट्यात जांभळट किंवा एकाच गेंदात दोन्ही छटा, असा प्रकार होतो. काही लोकांना तोच सर्वांत आवडतो.

आता महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. कोकण, आंबोली, महाबळेश्वर, पाचगणी इथे जांभा आहे. हजारो मिलिमीटर पावसाने त्यातला चुना धुऊन गेला आहे आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिले आहे. कोल्हापूरच्या शाहूवाडी-राधानगरी भागात तर जांभ्याबरोबर बॉक्साइटच सापडते, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज. अशा मातीत हायड्रेंजिया आपोआप निळा होतो. घाट उतरून देशावर आलात की बेसॉल्टची काळी माती लागते. तिचा सामू बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5, वर चुनखडीचे खडे. तिथे तो गुलाबीच होणार. अटलांटिकमध्ये अझोर्स बेटांपैकी फायाल नावाचे बेट आहे, त्याला लोक ‘निळे बेट’ म्हणतात, कारण ज्वालामुखीच्या आम्लधर्मी मातीत वाढलेली हायड्रेंजियाची कुंपणे तिथे मैलोन् मैल निळी फुलतात. मूळ बेसॉल्ट आपलाही आहे. फरक पावसाचा आणि मातीत उरलेल्या चुन्याचा.

त्यामुळे नर्सरीत निळे दिसलेले झाड ‘निळी जात’ असेलच असे नाही. त्याला तिथे तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार देऊन निळे केलेले असते. तुम्ही ते घरी आणले, ॲल्युमिनियम बंद झाले, सामू वर गेला आणि पुढचा बहर गुलाबी आला. झाडाने काहीच चुकीचे केलेले नाही.

तुमच्याकडे सामू वर नेणाऱ्या गोष्टी एक नाही, तीन आहेत. पहिली सिमेंटची कुंडी. नव्या सिमेंटमधून चुना सतत पाझरतो आणि कुंडीच्या कडेची माती आधी बिघडवतो, नेमकी जिथे मुळे सर्वांत जास्त असतात तिथे. जमिनीत लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. नव्या गिलाव्याच्या भिंतीलगत, जिथे बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, तिथे हायड्रेंजिया कायम पिवळा दिसतो. दुसरी गोष्ट बोअरचे पाणी, त्याबद्दल पुढे सविस्तर. तिसरी बोनमील. त्यात फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही असतात. फॉस्फरस ॲल्युमिनियमला धरून ठेवतो आणि कॅल्शियम सामू वर ढकलतो. निळ्या फुलांसाठी याहून उलटे खत शोधूनही सापडणार नाही. अंड्याची टरफले आणि चुलीची राख हेही त्याच माळेतले. बाकी झाडांना चालतात म्हणून ती इथे टाकू नका.

पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, याला ऊसवाले केवडा म्हणतात. हा लोहाचा तुटवडा आहे, पण मातीत लोह कमी असते असे नाही. चढलेल्या सामूमुळे ते झाडाला घेता येत नाही. यावर ‘चिलेटेड फेरस’ म्हणून जे लोहाचे खत मिळते ते बहुतेक ईडीटीए स्वरूपातले असते आणि चुनखडीच्या मातीत ते फार टिकत नाही. मातीत द्यायचे तर ईडीडीएचए स्वरूपातले लोह घ्या. ते महाग असते, पण जास्त सामूतही टिकते. ईडीटीए असेल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. हा तात्पुरता उपाय झाला. कुंडी आणि पाणी सुधारले की पुढची पाने आपोआप हिरवी येतात.

पाण्याकडे येतो, कारण गॅलरीतल्या बागेत लोक माती बदलतात आणि पाणी तेच ठेवतात. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट दर पाण्यासरशी कुंडीत साठत जातात. कुंडीच्या काठावर, तबकडीत पांढरा थर दिसतो तो तोच. आज तुम्ही सामू 5.5 ची सुंदर माती भरलीत तरी सहा-आठ महिन्यांत ती 7 च्या पुढे जाईल. महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी त्या मानाने बरेच मऊ आहे. स्वयंपाकघरातल्या नळाला ते येत असेल तर दोन कुंड्यांपुरते तिथून भरा. पावसाळ्यात गच्चीवरच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा. उन्हाळ्यात एसीचे ठिबकणारे पाणी चालते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या फिल्टरचे वाया जाणारे पाणी मात्र अजिबात नको. बचत म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात, पण गाळून वेगळे केलेले सगळे क्षार त्यातच असतात.

बोअरशिवाय इलाज नसेल तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळते. 10 लिटर पाण्याला साधारण 2 ग्रॅम, म्हणजे लहान चमचा अर्धा, तेवढ्याने सुरुवात करा. ढवळून दहा मिनिटांनी सामूच्या कागदी पट्टीवर पाहा. 6 च्या आसपास आले की पुरे. प्रत्येक बोअरचे पाणी वेगळे असते, त्यामुळे तुमचे प्रमाण तुम्हालाच एकदा ठरवावे लागेल. ते ठरले की डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

मातीची परीक्षाही घरी होते. वाळलेली माती चमचाभर बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसले तर त्यात चुनखडी आहे, ती माती हायड्रेंजियाला नको. नर्सरीतून ‘लाल माती’ म्हणून गोण्या येतात, त्यातल्याही काही फसफसतात, म्हणून विकत घेण्याआधी मूठभर मागून घ्या. नेमका सामू हवा असेल तर एक भाग माती, दोन भाग बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत पट्टी बुडवा.

पाऊस तोंडावर आहे, कुंडी बदलायला याहून चांगली वेळ नाही. 12 ते 14 इंची प्लास्टिकची किंवा मातीची कुंडी घ्या. मातीची कुंडी दिसायला छान, पण एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागते. नोकरी करणाऱ्यांनी सरळ प्लास्टिकची घ्यावी. मिश्रण असे: धुतलेले कोकोपीट चार भाग, न फसफसणारी लाल किंवा जांभ्याची माती तीन भाग, कुजलेला पालापाचोळा दोन भाग, भाताचे तूस एक भाग आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असते. जुन्या गठ्ठ्याभोवतीची सिमेंटकडची इंचभर माती खुरपीने हलकेच झाडून टाका, मुळांचा गोळा मोडू नका. वर पालापाचोळ्याचे दोन इंच आच्छादन घाला. उसाचे पाचट मिळाले तर उत्तम.

आता फुलांचे. बाजारात जो हायड्रेंजिया सर्रास मिळतो तो मॅक्रोफिला, मूळचा जपानचा. तो आदल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्यावर फुलतो. द्राक्षवाल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या अंकुरात, आधीच तयार होतो, दिसतो नंतर. इथेही तेच. पावसाळ्यात वाढलेल्या फांदीच्या टोकाला, रात्री थंडावल्या की, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान फुलाचा डोळा घडतो. तो हिवाळाभर झोपतो आणि मार्चच्या आसपास उघडतो. माळीकाकांनी दसऱ्यानंतर शेंडे उडवले तेव्हा पुढच्या उन्हाळ्याची फुले त्या शेंड्यांतच होती. गुलाबाला ती छाटणी लागते, कारण गुलाब नव्या फुटीवर फुलतो. दोन्ही झाडे शेजारी असली की गडबड होते.

डोळा ओळखायला शिकलात की कुणी काही सांगायची गरज उरत नाही. डिसेंबरमध्ये शेंड्यावर पाहा. फुलाचा डोळा फुगीर, खाली रुंद, पोटाशी गोलसर असतो. पानाचा डोळा बारीक आणि टोकदार, काडीला चिकटलेला. खात्री करायची असेल तर एक डोळा बळी द्या. ब्लेडने उभा चिरा आणि भिंगाखाली धरा. आत बाळपाने एकमेकांवर मिटलेली असतात आणि त्यांच्या मधोमध फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दाणेदार पांढरट ठिपका. तोच मे महिन्यातला गेंद. तो दिसला नाही, नुसतीच पाने असली, तर त्या काडीला यंदा फूल नाही.

म्हणून छाटणी फुले उतरल्यावर लगेच, मे-जूनमध्ये. वाळत आलेला गेंद काढा आणि त्याखालच्या पहिल्या जाडजूड डोळ्यांच्या जोडीच्या वर कापा. तीन-चार वर्षांच्या जून, सालपटे सुटलेल्या काड्या एक-दोन तळापासून काढल्या तर नवे फुटवे येतात. जे कापायचे ते जुलैअखेर संपवा. 15 ऑगस्टनंतर कात्री कपाटात. जी काडी यंदा फुलली नाही तिला अजिबात हात लावू नका, पुढच्या वर्षी तीच फुलेल.

थंडीचाही हिशेब आहे. हा डोळा घडायला रात्रीचे तापमान साधारण 18 अंशांच्या खाली सलग सहा-आठ आठवडे राहावे लागते, आणि नंतर झोप मोडायला आणखी गारवा लागतो. पुण्यात, नाशिकला, साताऱ्याला डिसेंबर-जानेवारीत रात्री 10-12 अंशांवर येतात, त्यामुळे इथे फुले येतात. महाबळेश्वरइतकी भरगच्च येत नाहीत, पण येतात. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर एवढी थंडी जेमतेम पडते, काही वर्षी पडतच नाही. मुंबईकरांना मी स्पष्ट सांगतो: फुललेली कुंडी महिना-दीड महिन्याच्या शोभेसाठी जरूर घ्या, पण दरवर्षी बहराची आशा धरू नका. नागपूर-अकोल्याकडे थंडी पुरते, मात्र मे महिन्यातले 45 अंश हे झाड सोसत नाही. अशा ठिकाणी निळाच रंग हवा असेल तर निळा चित्रक (प्लंबॅगो) लावा. ऊन खातो, कडक पाण्यातही तग धरतो आणि वर्षातून बरेच महिने फुलतो. त्याचे मला कौतुक वाटते, लोक उगाच त्याला कुंपणाचे झाड समजतात.

निवडीबद्दल. आपल्या नर्सऱ्यांत बहुतेक झाडे बिननावाची असतात: गेंदेवाला, निळा-गुलाबी-पांढरा. उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावरच्या रांगेत हिंडलात तर हंगामात हेच दिसेल. त्यातही निवडीला जागा आहे. तुमच्याकडचे पाणी सुधारणे शक्यच नसेल तर गुलाबी स्वीकारा, किंवा पांढरा घ्या. पांढऱ्यात ते रंगद्रव्य नसते, त्यामुळे माती कशीही असली तरी तो पांढराच राहतो. उतरताना तेवढा हिरवट किंवा गुलाबी ठिपक्यांचा होतो. कडक पाण्याच्या घरांसाठी माझी पहिली शिफारस पांढऱ्याचीच. गर्द लालसर जाती आम्लधर्मी मातीत निळ्या होत नाहीत, जांभळ्यावर थांबतात. त्यांना निळे करायच्या मागे लागू नका. मधे बारीक फुलांची गर्दी आणि कडेने मोजकी मोठी फुले, असा जाळीदार प्रकार कुठे दिसला तर सोडू नका. पावसात गेंद पाणी पिऊन वाकतात, हा ताठ राहतो.

काडी जुनी असो की नवी, दोन्हींवर फुलणाऱ्या जातीही आहेत. ‘एंडलेस समर’ ही त्यातली गाजलेली, अमेरिकेत 2004 मध्ये बाजारात आली. आपल्याकडे त्या नावाने कोणी रोप विकत असेल तर दर नव्हे, दुसरा बहर पाहून विश्वास ठेवा.

विकत घेताना पूर्ण फुललेले झाड घेऊ नका, गेंद हिरवट-अर्धे उघडलेले असलेले घ्या. कुंडीच्या तळाच्या भोकातून पाहा, मुळे पांढरी हवीत. तपकिरी, वास येणारी असतील तर नको. पानांची मागची बाजू भिंगाने पाहा, कोळ्यांचे जाळे असेल तर शेजारच्या रांगेतलेही घेऊ नका. कुंडीत इतके ठेंगणे, गोटीबंद झाड दिसते ते बऱ्याचदा वाढरोधकामुळे. हापूसवाले ज्याला कल्टार म्हणतात त्यातले रसायन किंवा त्याच कामाची दुसरी औषधे शोभेच्या कुंड्यांना देतात. दुसऱ्या वर्षी परिणाम उतरला की झाड एकदम लांबते. ती त्याची खरी उंची, काही बिघडलेले नसते.

जागा तुमची चांगली आहे. पूर्वेचे ऊन नऊ-दहापर्यंत आणि नंतर सावली, हे त्याला हवे तेच. पश्चिमेच्या गच्चीवर मात्र मी हे झाड कुणाला देत नाही. मार्च ते मे 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा आणि कुंडी फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवा, तापलेली फरशी मुळे शिजवते. दुपारी पाने माना टाकतील. लगेच झारी घेऊन धावू नका. बोट दोन इंच मातीत घाला. ओल असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, पाने आपण होऊन उभी राहतात. संध्याकाळीही मान खालीच असेल तर पाणी. मोठ्या पानांतून पाणी उडते तेवढे मुळांना दुपारी पुरवता येत नाही, एवढेच त्या मान टाकण्यामागे असते. ओल असताना पुन्हा पुन्हा पाणी घालून मुळे कुजवलेली झाडे माझ्याकडे जास्त येतात, वाळून मेलेली कमी.

खत साधे ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा अमोनियम सल्फेट, लिटरला 2 ग्रॅम. ते नत्र देते आणि सामूही थोडा खाली ठेवते. ऑक्टोबरपासून अमोनियम सल्फेट बंद, त्याजागी 13:00:45 लिटरला 1 ते 2 ग्रॅम, महिन्यातून एकदा. यात फॉस्फरस नाही, निळ्यासाठी तेच हवे. 19:19:19 गुलाबांना ठेवा. चहाचा चोथा घातला तर हरकत नाही, पण त्याने रंग बदलेल ही आशा सोडा. कॉफीचा चोथा तर जवळजवळ उदासीन असतो. गंजलेले खिळे पुरायचा सल्ला आजही ऐकू येतो. खिळ्यात लोह आहे, फुलाला ॲल्युमिनियम हवे. गंधकाची पूड आम्लता वाढवते खरी, पण मातीतल्या जिवाणूंनी ती पचवायला महिने लागतात, आणि चुनखडीच्या काळ्या मातीत हे काम कधी संपतच नाही.

तुरटी मात्र खरोखर काम करते. नेहमीची पांढरी तुरटी म्हणजे पोटॅश आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट. कुटून पूड करा, एका लिटर पाण्यात 4 ते 5 ग्रॅम, सपाट चहाचा चमचा, पूर्ण विरघळवा. आधी साध्या पाण्याने माती भिजवून घ्या, मग 12 इंची कुंडीला हे लिटरभर पाणी कडेने फिरवून द्या, पानांवर उडू देऊ नका. डिसेंबरच्या शेवटी डोळे फुगलेले दिसले की सुरू करायचे आणि रंग धरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यायचे. उमललेल्या गुलाबी गेंदावर तुरटी ओतून काही होत नाही, ती पुढच्या फुलांसाठी असते. जास्त दिली तर पानांच्या कडा करपतात, मुळे जळतात. नुकत्याच बदललेल्या कुंडीला आणि कोवळ्या कलमांना देऊ नका. आणि सिमेंटची कुंडी, बोअरचे पाणी तसेच ठेवून तुरटी देत बसलात तर एका हाताने घालता आणि दुसऱ्याने काढता. गुलाबीच आवडत असेल तर हे सगळे उलट करा. बोनमील घाला, तुरटी विसरा. फक्त केवडा पडू नये म्हणून सामू 6.5 च्या फार वर जाऊ देऊ नका.

रोगांबद्दल फार लिहीत नाही, कारण निरोगी झाडाला ते कमीच छळतात. उन्हाळ्यात लाल कोळी, पानांच्या मागून पाण्याचा फवारा नेमाने मारला की आवरतो. पावसात पानांवर जांभळट ठिपके येतात, ती पाने वेचून टाका आणि कुंड्या जरा लांब लांब ठेवा. हिवाळ्यात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम. पावसाळ्यात गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या.

कलमे करायला जुलै-ऑगस्ट. न फुललेली, बोटाइतकी कोवळी-पक्की फांदी घ्या, दोन पेरांचा चार-पाच इंचांचा तुकडा. खालच्या पेराची पाने काढा, वरची दोन पाने अर्धी कापा, नाहीतर ती पाणी उडवून कलम सुकवतात. खालचे टोक मुळे फोडणाऱ्या पावडरीत बुडवून कोकोपीट आणि वाळूत खोचा, वर प्लास्टिकची पिशवी. तीन-चार आठवड्यांत हलकेच ओढून पाहा, विरोध जाणवला की मुळे आली. पाचगणी-महाबळेश्वरला कुणी ओळखीचे असेल तर छाटणीच्या वेळी फांद्या मागून घ्या. विकतच्या, शोभेसाठी घाईने फुलवलेल्या झाडापेक्षा अशा जुन्या झाडाची कलमे आपल्या हवेला जास्त सरावलेली असतात, असा माझा अनुभव आहे.

बहिणीचे दुखणे तुमच्या नेमके उलट आहे. तिच्याकडे थंडी जास्त होते. मॅक्रोफिलाचे मूळ जिवंत राहते, पण काडीवरचे फुलाचे डोळे गोठून मरतात. म्हणून झाड दरवर्षी तळापासून फुटते आणि नुसते पानांचे राहते. तिने नव्या फुटीवर फुलणारी जात घ्यावी. पॅनिक्युलाटा, शंकूसारख्या तुऱ्यांची, त्यातली हिरवट-पांढरी ‘लाइमलाइट’ सहज मिळते आणि तिला ऊनही चालते. किंवा आर्बोरेसेन्स, अमेरिकेचीच रानजात, त्यातली पांढरी ‘ॲनाबेल’. या दोन्ही हिवाळ्याच्या शेवटी बिनधास्त छाटता येतात, फूल चुकत नाही. मात्र दोन्हींत निळा रंग मिळत नाही, हे आधी सांगा, नाहीतर तिथेही तुरटी ओतली जाईल. हरणे येत असतील तर सुरुवातीची दोन वर्षे जाळी लावायलाच हवी. असलेले मॅक्रोफिला टाकून देऊ नये. नोव्हेंबरमध्ये तारेच्या पिंजऱ्यात वाळकी पाने ठासून काड्या शेंड्यापर्यंत झाकल्या आणि एप्रिलमध्ये थंडी सरल्यावर काढल्या, तर डोळे वाचतात.

तुमच्यासाठी याच जाती मागवू का, असे पुढे विचाराल म्हणून सांगतो: ऑनलाइन ‘लाइमलाइट’ आणि ‘ॲनाबेल’ची रोपे दिसतात, पण त्यांना खरी झोपेची थंडी लागते. पुण्याच्या हिवाळ्यात ती जगतात, फुलतात ते यथातथा. हौस म्हणून एखादे लावा, भरवसा मॅक्रोफिलावरच ठेवा.

घरात लहान मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर. पाने आणि कळ्या पोटात गेल्या तर विषारी असतात. फुले कापून फुलदाणीत ठेवायची असतील तर सकाळी कापा. गेंद अर्धा तास पाण्यात उपडा बुडवून ठेवा, कारण हे फूल पाकळ्यांतूनही पाणी घेते. देठ तिरका कापून लगेच तुरटीच्या पुडीत टेकवा आणि मग फुलदाणीत ठेवा. देठ लवकर कोंडत नाही आणि गेंद पुष्कळ दिवस ताठ राहतो.